शोभाला दिलेली वही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी आता काय?

मी शाळेत इंग्रजी शिकवते. दरवर्षी वाक्यांतली भाववाचक नामं ओळखायचा धडा येतो. करेज, काइंडनेस, ऑनेस्टी. मुलं विचारतात, बाई, हे हातात धरता येत नाही, मग नाम कसं? मी हसून समजावते. छान शिकवते म्हणतात.

घाटनांदुरात माझ्या वडिलांचं, आप्पांचं, कापडाचं दुकान होतं. दुकानात एसटीडीचा बूथ बसला, आणि आप्पांना एकदम वाटायला लागलं की पुढचं जग इंग्रजीचं. पण सातवीत इंग्रजीत पहिली आली माझ्या वर्गातली शोभा. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची, परीक्षेच्या तोंडावर परत यायची, आणि तरी पहिली! आप्पा जेवताना म्हणायचे, "ती उसाच्या फडातून येऊन पहिली, अन् तू पंख्याखाली बसून दुसरी." मी ताट सारून उठायचे.

आठवीला तिच्या बापाने सांगून टाकलं — पास झाली तर शाळा, नाहीतर लगीन अन् हातात कोयता. हे तिनेच मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. एवढं ध्यानात ठेवा.

फाल्गुनात ती परत आली. भाववाचक नामं तिच्यामागे शिकवून झाली होती. तिने माझी वही मागितली. मी एक अख्खा रविवार बसून दुसरी वही लिहिली. तीस वाक्यं, वळणदार अक्षर, नामांखाली लाल रेघा — फक्त प्रत्येक रेघ भलत्याच शब्दाखाली. 'द बॉय शोड करेज' मध्ये 'करेज' सोडून 'बॉय'खाली. आई शेजारणीला कौतुकाने सांगत होती, पोरगी मैत्रिणीसाठी किती राबती बघा. लाज वाटली का? नाही. मजा वाटली.

ही माझीच वही म्हणून तिला दिली. तिने उतरवून घेतली, पाठ केली, परत आणून दिली.

आमच्या सरांची पद्धत होती — चुकलेल्यांनी उभं राहायचं, आणि ज्याचं बरोबर त्याने एकेकाच्या थोबाडीत द्यायची. हळू मारली, तर सर आपल्यालाच देऊन दाखवायचे, कशी मारतात ते. शोभाने तीन वाक्यं सांगितली. तिन्ही चुकली. वर्ग हसला. मी बरोबर उत्तरं दिली आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. सरांच्या भीतीने जोरात मारली, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खोटं. मला मारायचीच होती.

मधल्या सुट्टीत ती जवळ आली. गालावर बोटं उठली होती. रागावलेली नव्हती — रागावली असती तर मी कदाचित... जाऊ द्या.

"उतरवतानी मीच चुकले असंल गं," ती म्हणाली. "वही एकडाव दी न."

दोन्ही वह्या माझ्या दप्तरात होत्या. मी म्हणाले, "हरवली."

"मंग ऱ्हाऊ दे. माह्या डोस्क्यात आता शिरतच न्हाई."

ती परीक्षेला बसलीच नाही. दिवाळीआधी लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेली. त्या वर्षी मी पहिली आले. आप्पांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

बारा-तेरा वर्षांनी शोभा लेकीला घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आली. उन्हाने पार रापलेली. मला अहोजाहो करत होती. लेकीला म्हणाली, "ह्या बाईंनी मला सोताची वही दिल्ती. मीच ढ निघाले. तू त्यांचं नीट ऐक."

मी मुलीला पहिल्या बाकावर बसवलं. शोभा पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.