पाच मुठी लसूण

नरखेडजवळच्या श्रावणजींच्या नर्सरीत संत्र्याची रोपं बुरशीने मरत नसत. त्यांच्या पत्नी निर्मलाबाई लसूण ठेचून त्याचं पाणी रोपांवर शिंपडत. नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेसाठी मी त्यांना कितीदा प्रमाण विचारलं. ग्रॅममध्ये सांगा म्हटलं की बाई वैतागत. "घागरीले पाच मुठी. त्यात ग्रॅम कायचा, भाऊ?" मीही चिडून तसंच लिहून घेतलं.

यंदा पोळ्यानंतर त्या गेल्या. महिन्याभराने श्रावणजी एसटीने आले आणि करपलेली रोपं माझ्या टेबलावर ठेवली. लसणाचं पाणी फार कडक झालं होतं.

"किती टाकला लसूण?"

"पाच मुठी. तिच्यासारख्याच."

मी वजनकाटा पुढे ओढला आणि पाकळ्यांची एक मूठ घालायला सांगितली. त्यांचा रुंद पंजा काट्यावर उघडला.

"आता निर्मलाबाईंची मूठ केवढी होती, ते सांगा."

ते बराच वेळ स्वतःचीच मूठ उघडत-मिटत राहिले.

"चाळीस वर्सं संग राह्यलो," ते म्हणाले, "पण तिचा हात कधी हातात घेऊन पाह्यलाच नाही."