शिळफाट्यावरच्या दोन भाषा

झहीरभाईंवर कुणीतरी लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी बसलो आहे. मला सवय नाही. जमेल तसं सांगतो.

शिळफाट्यावर त्यांचं चहाचं दुकान होतं. तरुणपणी ते आगबोटीवर खलाशी होते. दूर न्यूझीलंडच्या एका बंदरात माल उतरवताना त्यांचा पाय मोडला. बोट त्यांना सोडून निघून गेली आणि तिथल्या एका माओरी कुटुंबानं त्यांना घरी नेऊन पाय बरा होईपर्यंत सांभाळलं. पाय लंगडाच राहिला, पण भाषा आली. गिऱ्हाईक रिकामं दिसलं की झहीरभाई विचारायचे, "माओरीत पाण्याला काय म्हणतात, ठाऊक हाय? वाई!" आम्ही म्हणायचो, "ती साताऱ्याकडं हाय." मी भाताच्या गिरणीत कामाला होतो आणि दुपारचा त्यांच्याकडंच असायचो.

त्रेचाळीस साल. जपानी ब्रह्मदेशात येऊन बसले होते. खोपोलीत वीजघर, त्यामुळे फाट्यावर लढाईपुरता नाका बसवलेला. तिथं कोंडाजी हवालदार होते.

एका दुपारी नाक्यावर एक परका माणूस धरला. गालाची हाडं वर आलेली, डोळे बारीक, त्या उकाड्यातही अंगात लांब झगा. बरोबरचा माणूस वाटेत चुकलेला, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा त्याचं बोलणं कुणालाच उमगत नव्हतं. छातीवर हात ठेवून तो सारखा "काश्कर, काश्कर" म्हणे. अल्लाचं नावही घेई. कोंडाजी म्हणाले, "तेवढं तर हेराला शिकवूनच पाठवतात. हा जपानी हाय. मिल्ट्रीचा ट्रक घाटाखाली आला की देऊन टाकू."

ट्रकमधून नेलेला माणूस पुन्हा दिसत नसे.

तेवढ्यात झहीरभाई चहाची किटली घेऊन लंगडत आले. त्या माणसाचा चेहरा पाहिला आणि किटली तिथंच खाली ठेवली. त्यांना ज्या घरानं सांभाळलं होतं, त्याच घरातला कुणी आल्यासारखं वाटलं असणार. "किआ ओरा!" म्हणत ते पुढं झाले आणि त्यांनी आपलं कपाळ आणि नाक त्याच्या कपाळा-नाकाला टेकवलं. तो दचकला, काहीतरी पुटपुटला.

कोंडाजी ओरडले, "काय सांगितलंस रं त्याच्या कानात?"

"कानात नाय साहेब. नाकाला नाक लावलं. त्यांचा रामराम हाय तो."

"त्यांचा म्हंजे? तू त्यांच्यातला?"

"चुकलं. मला तो माओरी वाटला."

"तू बोललास, तो बोलला. भासा एकच. आता दोघंबी ट्रकात."

झहीरभाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांची बायको, हुस्नबानो भाबी, दुकानातून पदर खोचत आल्या.

"हवालदारसाहेब, एकच भासा असंल तर दोघं पाण्याला एकच म्हणतील ना? वेगळं बसवा दोघांना. इचारा."

झहीरभाईंना दुकानामागं बसवलं. त्यांचे शब्द ऐकायला मला पाठवलं. भाबी एकेक वस्तू आधी त्याला, मग मागं येऊन झहीरभाईंना दाखवत. पाणी. परका म्हणाला, "सू." मागं झहीरभाई म्हणाले, "वाई." विस्तव. तिकडं "ओत", इकडं "आही". दगड. तिकडं "ताश". इकडं झहीरभाईंना आठवेना. घाम पुसत ते म्हणाले, "जिभेवर हाय रे... इतकी वर्सं झाली." मग एकदम, "कोहातू!"

कोंडाजी हसले. "हा मुद्दाम वेगळं सांगतोय. कुणीबी सांगंल."

"मग मोजायला लावा," भाबी म्हणाल्या. "दोनदा. खोटं मोजलं तर दुसऱ्यांदा तसंच येणार नाय."

झहीरभाईंना समोर आणलं. घाटाच्या बाजूनं ट्रकचा आवाज येऊ लागला होता. ते बोटं उघडत गेले. "ताही, रुआ, तोरू, फा, रिमा, ओनो..." दहापर्यंत गेले, पुन्हा मोजलं, तसंच आलं. मग परक्यानं त्यांचं पाहून बोटं उघडली. "बिर, इक्की, उच, तोत, बेश..." शेवटी म्हणाला, "ओन."

"ओनो! ओन!" कोंडाजींनी काठी आपटली. "धरला!"

झहीरभाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं.

"हात बघा की त्याचे!" भाबी ओरडल्या. "यांचं ओनो म्हंताना सा बोटं होती. त्याची धाबी बोटं उघडी हाईत."

परका खरोखरच दोन्ही पंजे पसरून उभा होता. खाली घ्यायला भीत होता. कोंडाजींनी त्याला पुन्हा मोजायला लावलं. ओन दहावरच आलं.

कोंडाजींनी काठी काखेत धरली. मग त्यांनी स्वतःच भाबींच्या टोपलीतला कांदा उचलून त्याच्यापुढं धरला.

"पियाज," तो म्हणाला.

खिशातली लेखणी दाखवली. "केलेम."

किटलीकडं त्यानं आपणहून बोट केलं. "चाय."

"घ्या," भाबी म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याशी त्याचं कायबी जुळंना. पियाज, कलम, चाय, हा तर बाजारात तुमच्या-माझ्यासारखा बोलतोय. तुमचाच पाव्हणा निघाला. भासा एक म्हून धरायचं तर आता सोताला बांधा."

ट्रक नाक्यावर थांबला. ड्रायव्हरनं विचारलं, कुणी न्यायचं आहे का. कोंडाजींनी आमच्याकडं पाहिलं. "कोन नाय," ते म्हणाले. "चहा घेनार?"

काश्कर हे चीनच्या पश्चिम टोकाचं, त्या माणसाच्या मुलखातलं शहर, आणि त्याची भाषा उइगुर, हे मला पुढं फार वर्षांनी कुणा शिकलेल्या माणसाकडून समजलं. तेव्हा एवढंच ठरलं, की परमुलखातले मुसलमान प्रवासी उतरतात त्या मुंबईच्या मुसाफिरखान्यात त्याला पोचवायचं. झहीरभाई स्वतः जायला निघाले.

जाण्याआधी त्या माणसानं भाबींपुढं छातीवर हात ठेवून मान लववली. मग कोंडाजींकडं गेला आणि अगदी अदबीनं त्यांच्या नाकाला नाक लावायला वाकला. इथली रीतच ही, असं त्याला वाटलं असावं. कोंडाजी मागं सरकले, टोपी पडली. झहीरभाईंनी ती उचलून झटकली.

"लावा साहेब," ते म्हणाले, "लांबून आलाय."

कोंडाजींनी इकडं तिकडं पाहिलं आणि नाक पुढं केलं.