बाबांनी लाँचमध्ये पाय ठेवावा म्हणून

माझे बाबा दाभोळचे तांडेल. मासेमारीच्या मचव्यावर तांडेल म्हणजे सगळ्यात वरचा माणूस, त्याचा शब्द खाली पडत नाही. मचव्यावर बाबांचा शब्द चालायचा तसाच घरातही चालायचा. अशा माणसाची मी मुलगी असून लग्न होईपर्यंत मी होडीत पाय ठेवला नव्हता. बाईचा पाय लागला की जाळ्याला मासळी लागत नाही, हा आमच्याकडचा कायदा. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा काठावर ओढून ठेवलेल्या मचव्यात चढून बसले होते. बाबांनी मारलं नाही. मला उचलून खाली ठेवलं आणि सगळा मचवा आतून धुऊन घेतला. मारलं असतं तर मी विसरून गेले असते.

लग्न झालं ते आमच्यासारख्याच मुसलमान घरात, पण देवरूखकडच्या डोंगरातल्या. त्या लोकांना समुद्र म्हणजे पावसाळ्यात लांबून ऐकू येणारी गाज, एवढाच ठाऊक. आमचे हे शिंपी. रत्नागिरीत मांडवीच्या वाटेवर त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. खाडीकाठच्या गावांत लग्नाचे कपडे पोचवायला त्यांनी एक छोटी होडी घेतली आणि डोंगरातला हा माणूस पाण्याला असा लागला की विचारू नका. होडीत बाई बसवायची नसते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मी कशाला सांगू? वारा आला की होडी एका अंगाला झुकायची म्हणून ते मला दुसऱ्या अंगाला बसवायचे. सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात, पाणी उपसायचं डबडं माझ्या. तीन वर्षं मी त्या होडीत वजन म्हणून काम केलं.

मग राजिवड्याच्या एका नाखव्यांनी आपली लाँच विकायला काढली. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. त्यांची मुलं आगबोटीवर नोकरीला लागली होती आणि त्यांना एकट्यानं लाँच ओढवत नव्हती. लाँच जुनी, रंग उडालेला, इंजिन खोकणारं. पण तिला केबिन होती. चारी बाजूंना सरकत्या काचा, समोरासमोर दोन बाकं, पुढच्या काचेपाशी मोटारीला असतं तसं लाकडी चाक. ह्यांच्या डोळ्यांसमोर केबिनमध्ये बसलेली लग्नाची वऱ्हाडं आली. माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले.

बाबांचा मचवा तेव्हा विकून झाला होता. गुडघे गेले होते. भाऊ मुंबईला गोदीत, आई नव्हती. दाभोळच्या घरात ते एकटे असायचे आणि ओटीवर बसायचे तेही खाडीकडे पाठ करून. रत्नागिरीला माझ्याकडे या म्हणून मी किती वेळा सांगितलं. एस.टी.त त्यांचा जीव घुसमटायचा. आगबोटीची शिडी गुडघ्यांना झेपायची नाही. आणि होडीनं न्यायचं तर होडीत मी असणार. म्हणजे सगळ्याच वाटा बंद. त्या लाँचच्या बाकावर हात फिरवताना मी मनाशी पक्कं केलं की बाबांना इथं बसवायचं, आणि मी लाँचमध्ये असताना बसवायचं. ह्यातली एकच गोष्ट झाली असती तर मला ती नको होती.

व्यवहार ठरला. नाखव्यांनी लाँचवर फातिहा दिली, शिरनीची मिठाई वाटली, आणि ह्यांना म्हणाले, “होडी ती होडी, लाँच ती लाँच. जरा दमानं घ्या.” ह्यांनी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

पहिल्या दिवशी भाट्याच्या खाडीत आम्ही लाँच काढली. नाखवे मागच्या बाजूला इंजिनापाशी, हे चाकाशी, मी बाकावर. लाँच सरळ चालली होती तोवर आमचे हे बादशहा. मग समोरून पडाव आला, वाळूनं भरलेली मोठी होडी. उजवीकडे घ्यायची म्हणून ह्यांनी चाक डावीकडे फिरवलं. होडीत तसंच असतं. दांडा डावीकडे रेटला की होडी उजवीकडे जाते. चाकाचं उलट, म्हणजे खरं तर सुलट. जिकडे फिरवाल तिकडे लाँच जाणार. लाँच डावीकडे निघाली, थेट पडावाच्या अंगावर. ह्यांनी घाबरून चाक आणखी डावीकडे फिरवलं. पडाववाल्यांनी बांबूनं रेटलं म्हणून वाचलो, आणि त्या बांबूबरोबर जे शब्द आले ते मी इथे लिहीत नाही.

दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून शिकवणी चालली. ह्यांना डोक्यानं सगळं कळत होतं. जेवताना ताटलीवर बोट फिरवून ते मला समजावून सांगायचे, उजवीकडे म्हणजे उजवीकडे. पण धक्का जवळ आला की डोकं बाजूला राहायचं आणि हात आपले होडीतलंच करायचे. त्यात वारा केबिनवर थडकला की लाँच आडवी सरकायची. होडीचं शीड उतरवता येतं, केबिन कुठं उतरवणार? एकदा राजिवड्याच्या धक्क्याला कोपरा घासला, एकदा कोणाची तरी जाळी वाळत घातलेली काठी मोडली. धक्क्यावर शुक्रवारची गर्दी जमायला लागली. कपड्यावर सरळ शिलाई मारणारा माणूस पाण्यावर नागमोडी मारतो, हे बघायला लोकांना मजा येत होती.

एका संध्याकाळी घरी आल्यावर हे म्हणाले, “नाखव्यांना परत देऊन टाकू. माझ्यानं नाय होत ता.”

मी भाकरी थापत होते. म्हटलं, “चाक माझ्याकडे द्या. तुम्ही इंजिनाकडे बघा.”

“तू? तुला होडी तरी येते काय?”

“नाय येत, म्हणूनच म्हणते. तुमच्या हातांना होडीची सवय लागलीय. माझ्या हातांना कसलीच नाय. डबड्याची आहे, ती आड येणार नाय.”

“लोक काय बोलतील गो?”

“आता काय गप्प बसलेत?”

दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. मीही तोंड उघडलं नाही. हट्टाला हट्ट, आणि माझा हट्ट दाभोळचा. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, “इंजिनाचा आवाज कसा हाय तो मला बरा कळतो. मशीनचा कळतो तसाच.” एवढ्यावर तह झाला.

नाखव्यांना मी सांगितलं तेव्हा ते दाढी कुरवाळत म्हणाले, “आमच्यात पण बायकांना चढवत नाय पोरी. पण ही मासळीची बोट नाय, माणसांची हाय. आणि हे असेच शिकत राहिले तर धक्का उरायचा नाय.”

मला पहिल्याच दिवशी सगळं आलं असं मी म्हणणार नाही. चाक फिरवलं की लाँच लगेच वळत नाही, म्हणून मी आणखी फिरवायची, आणि मग ती वळायला लागली की थांबायची नाही. दोनदा आम्ही जिथून निघालो तिकडेच तोंड करून उभे राहिलो. पण मला जात्याची सवय होती. हात काढला तरी जातं दोन फेरे आपणहून फिरतं, तसं लाँचचं आहे हे लक्षात आलं. धक्का दिसला की खूप आधी इंजिन थांबवायचं आणि तिला तिच्या चालीनं येऊ द्यायचं. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या टोकाच्या, पुढच्या पाण्याकडे बघायचं नाही, लांबचा एखादा माड धरायचा. इंजिनासाठी आम्ही दोरीला घंटा बांधली. एक टोल दिला की ह्यांनी चालू करायचं, दोन दिले की बंद, तीन दिले की उलटं चालवायचं. पूर्वी ते मला सांगायचे आणि मी वजन सरकवायची, आता मी टोल द्यायची आणि ते इंजिन बघायचे. मला हे फार आवडलं. लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

थंडी पडून समुद्र शांत झाला तेव्हा आम्ही दाभोळला निघालो. नाखवे म्हणाले, बरोबर येतो. मी नको म्हटलं. ते चाकापाशी असते तर बाबा त्यांच्याकडेच बघून बसले असते.

पहिला मुक्काम जयगडला केला, आणि सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असताना पुढे निघालो. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी आहे. ओहोटीत तिच्यावर लाटा फुटतात. आम्ही पोचलो तेव्हा त्या फुटतच होत्या. हे मागून ओरडले, “पलीकडं तर दिसतंय बंदर, घाल आत.” मी दोन टोल दिले. लहानपणी घराच्या ओटीवर बाबांची खलाशांशी चाललेली बोलणी मी हजार वेळा ऐकली होती. भरती अर्धी झाल्याशिवाय आत शिरायचं नाही, हे मला कलमा पाठ असावा तसं पाठ होतं. नांगर टाकून आम्ही थांबलो. ह्यांना लाटांनी मळमळायला लागलं, मी त्यांना लिंबू दिलं. पट्टीवरचा पांढरा फेस हळूहळू नाहीसा झाला, भरती पुरी होत आली, तेव्हा बंदरावरच्या जुन्या दगडी मशिदीचा घुमट समोर धरला आणि लाँच आत घातली.

बंदरावर सगळे उभे राहून बघत होते. कोणीतरी बाबांना बोलावून आणलं होतं. काठीवर भार देऊन ते धक्क्याच्या पायऱ्यांशी आले. लाँच मी हळूच टेकवली, खरचटलीसुद्धा नाही. ते त्यांनी पाहिलं. चाकापाशी कोण आहे तेही पाहिलं.

“तुम्हाला न्यायला आलोय बाबा,” मी म्हटलं. “आमच्या घरी चला.”

ते माझ्याशी बोललेच नाहीत. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, “जावय, बोट चांगली हाय. तिला उतरव, मी येतो. ती एस.टी.नं येईल.”

हे इंजिनाच्या झाकणातून वर आले, हाताला तेल, तोंडावर मळमळ. म्हणाले, “मामा, चाक मला धरता येत नाय. मी धरलं तर तुमचा धक्का मोडेल.” आमच्या ह्यांनी आयुष्यात माझ्यासाठी खूप केलं, पण इतक्या लोकांसमोर बोललेलं हे वाक्य मी सगळ्यात वर ठेवते.

बाबा म्हणाले, “बाई असलेल्या बोटीत मी बसत नाय.”

“मग मी इथंच थांबते,” मी म्हटलं. “तुम्ही तिथं थांबा.”

मी चाक सोडलं नाही आणि उतरलेही नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. लहानपणी मला उचलून खाली ठेवता आलं होतं, आता येणार नव्हतं. बाबांनी काठी पायरीवर टेकली आणि तेही उभे राहिले. भरती संपली. थोड्या वेळानं पाणी पायरीवरून उतरायला लागलं, ओली रेघ मागे सोडत. बाबांची नजर त्या रेघेवर गेली. माझीही गेली.

“ओहोटी लागली,” ते म्हणाले. मला उद्देशून त्यांनी बोललेला तो पहिला शब्द.

“बघतेय.”

“इथं खाली चिखल हाय. बोट बसेल, आडवी होईल. काचा फुटतील.”

“फुटू देत.”

“काढ ती बाहेर.”

“काढते. तुम्ही या.”

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. बंदरावरची माणसं पाण्याकडे बघत होती, कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. आणखी एक पायरी उघडी पडली. चांगली बोट डोळ्यांदेखत चिखलात बसतेय आणि आपण काठी टेकून उभे आहोत, हे त्यांना कसं सोसणार होतं? मुलगी हट्टी असली तर बाप तिला सोडून घरी जाऊ शकतो, पण तांडेल बोट सोडून जाऊ शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्यावरच मी सगळं लावलं होतं.

त्यांनी वहाणा काढल्या. लुंगी वर धरली, पायरीवर बसून दोन्ही पाय पाण्यात धुतले, स्वतःच्या मचव्यात चढताना धुवायचे तसेच. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून आत आले. धक्क्यावरच्या एकाला सांगितलं, घराला कडी घाल आणि कोंबड्या तुझ्याकडे ने.

मी तीन टोल दिले. लाँच चिखल ढवळत मागे सरली, एकदा घासली, आणि सुटली. बाबा बाकावर बसले नाहीत. माझ्या मागे उभे राहिले. त्यांचा हात चाकाकडे आला. आता बाबा चाक घेणार, असं वाटून मी मुठी आवळल्या. त्यांनी चाकाला नुसतं बोट लावलं.

“दांडा नाय ह्याला?”

“नाय. जिकडे फिरवाल तिकडे जाते.”

“उलटं हाय सगळं.” त्यांनी हात मागे घेतला. “मग तू फिरव, मी सांगतो.”

खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात बाहेर ओढत होतं आणि पट्टीवर पहिली लाट पांढरी होत होती. घरात बाबा माझ्याशी नेहमी हळू बोलायचे, बायकांशी बोलायचं तसं. मागून जो आवाज आला तो मी फक्त काठावर उभं राहून ऐकला होता, लांब पाण्यावरून येताना, दुसऱ्यांना दिलेला.

“झोपलीस काय? उजव्या अंगाला काढ. आणखी. आता सरळ धर, हलवू नको. हात मोडले तरी हलवू नको.”

“होय तांडेल,” मी म्हटलं.

बाबांनी पुढची काच सरकवून उघडली, बाहेर लाटेकडे बघितलं आणि पुढचा हुकूम दिला.