पाझराची पट्टी

आक्का कुणाचं उसनं ठेवत नसत. वाटीभर पीठ नेलं तर शिगोशीग भरून परत आणायच्या, आणि कुणी टोचून बोललं तर तेही तसंच शिगोशीग फेडायच्या. एका पुतण्याच्या लग्नात विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडची आमटी पाणचट बाई!" आक्का नुसत्या हसल्या. चार वर्षांनी विहीणबाई मुक्कामाला आल्या, तेव्हा असा झणका वाढला की बाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी! "ध्यानात ठेवल्यालं बरं असतंय गं," आक्का मला म्हणाल्या. मी शेजारच्या घरातली नवी सून. हसून हसून माझं पोट दुखलं.

नात्यानं त्या माझ्या चुलतसासू. आमच्या निरवांगी गावात त्यांची विहीर होती, नवराबायकोनं मिळून खणलेली. नवरा खाली कुदळ मारायचा, या वर माती ओढायच्या. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, विहीर तेवढी राहिली. तिला त्या 'आमची थोरली' म्हणत. दोन बैलांच्या मोटेवर वांगी-मिरची काढायच्या आणि इंदापूरच्या बाजारात स्वतः बसून विकायच्या.

एके दिवशी कालव्याचा साहेब आला. म्हणाला, "बाई, तुमच्या विहिरीत कालव्याचा पाझर येतो. म्हणजे पाणी सरकारचं. पट्टी भरा."

"कालवा हितनं मैलभर लांब हाय," आक्का म्हणाल्या. "माझ्या घामाचाबी पाझर हाय की त्यात. त्याची पट्टी मला कोण देतंय?"

त्यांनी दमडी भरली नाही. मग मेल्यानं बैल जप्त केले. चावडीपुढं लिलाव झाला. गावातल्या एकानंही बोली लावली नाही, तेव्हा साहेबानं बाहेरचं गिऱ्हाईक आणलं. बैल नजरेआड होईपर्यंत आक्का बघत उभ्या होत्या. मग साहेबाजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "सायेब, हे उसनं झालं बरं का."

त्या घरोघर फिरल्या. "सरकारी माणसाला पाणी द्यायचं न्हाय. त्येंचा कालवा हाय की!" वैशाखात साहेब वसुलीला आला, तर दारोदार एकच उत्तर, घागर रिकामी हाय. माझी काठोकाठ भरलेली होती. मीही तेच सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. घशाला कोरड पडलेला तो मुडदा कालव्याकडं निघाला, तर आक्का मागून ओरडल्या, "पाझर ग्वाड लागतोय का सांगा!"

पण मोट बंद पडली होती. विहिरीत पाणी आणि वर वांगी करपलेली, असा तो मळा बघवत नव्हता. एका सकाळी आक्कांनी कुदळ उचलली. "पट्टी लावलीया न्हवं? मग पाणी घेतलंच पायजे." त्यांच्यामागं आम्ही दहा-बारा बाया निघालो. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत कालव्याचा बांध फोडला. पाणी मळ्यात शिरलं तशा आक्का चिखलात नाचल्या. साठीच्या बाईनं लुगडं खोचून धरलेला तो फेर!

पोलीस आले. साहेबानं विचारलं, "बरोबर कोण कोण होतं?"

"म्या एकलीनं फोडला."

माझे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. ते मी पदराआड घेतले आणि गप्प राहिले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो, आणि तो साहेबावरच्या रागापेक्षा मोठा आहे.

इंदापूरच्या कचेरीत मी गेले होते. मॅजिस्ट्रेट भला वाटला. म्हणाला, "बाई, माफी मागा. तुमचे बैल परत देववतो."

बैलांचं नाव काढल्यावर आक्का एक पाऊल पुढं सरकल्या. वाटलं, आता मागतात.

"सायेब," त्या म्हणाल्या, "पाझर विहिरीला फुटतो. मला न्हाय फुटायचा."

सहा महिन्यांची शिक्षा झाली. चौथ्या महिन्यात तुरुंगातच तापानं गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर आमच्या वस्तीत कुणी ती पट्टी भरली नाही. साहेब एकेक दावण रिकामी करत आमच्या दाराशी आला. सासूबाई आतून म्हणत होत्या, "भर गं बाई, बैल जात्यात." मी गोठ्यात गेले, दोन्ही बैल सोडले आणि कासरे त्याच्या हातात दिले.

"न्या सायेब. आन कागदावर हेबी लिवा, कालवा फोडाया म्याबी हुते."