खंडेनवमीला पुजलेली सीडी

सांगूनच टाकते. मी एकदा कॉम्प्युटरच्या सीडीला हळदीकुंकू वाहिलं होतं. तेही ओल्या बोटांनी आणि नेमकं चकचकीत बाजूला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. केडगावात माझा टायपिंगचा क्लास होता. बोटांकडे न बघता टाइप करता येतं, म्हणजे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत. क्लाससाठी नवा कॉम्प्युटर घेतला, तर पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या लेकीने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. तेही कॉम्प्युटर चालवणारंच, पण फुकट मिळणारं, आणि आतलं सगळं उघडून बघता येईल असं. दोन सुट्ट्या तिने त्यात घालवल्या. एकदा आवाज येईना, एकदा चित्रच दिसेना. तिच्या कॉलेजातली मुलं तिला चिडवायची, तुझ्या त्या लिनक्सवर एक धड गेम तरी चालतो का?

दसऱ्याच्या सुट्टीत ती एक खोका घेऊन आली. शहर वसवायचा गेम, विकतचा, खास लिनक्ससाठी बनवलेला. मैत्रिणीच्या भावाने परदेशातून पाठवलेला, सुट्टी संपली की परत द्यायचा.

"आई, हा चालला की सगळ्यांची तोंडं बंद. नाही चालला तर लिनक्स काढून टाकते. थकले मी आता."

खंडेनवमीच्या सकाळी ती झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली. मी पाट मांडला. माझे टाइपरायटर पुजले, गॅरेज चालवणाऱ्या धाकट्या दिरांचे पाने-पकडी पुजल्या. मग वाटलं, कॉम्प्युटरच्या घरात नवीन आलेली वस्तू तेवढी कशाला उपाशी ठेवायची? खोक्यातून सीडी काढली. एका बाजूला नुसती अक्षरं, दुसऱ्या बाजूला इंद्रधनुष्य. एवढी देखणी बाजू पाठ कशी असेल? मी तिलाच तोंड ठरवलं आणि पाच बोटं उठवली. वर अक्षता. पूजा झाल्यावर पदराने गरगर पुसली आणि खोक्यात ठेवून दिली. काम कसं नीटनेटकं!

दुपारी लेक गेम घालायला बसली. आतली चकती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. काळ्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार उमटली. तिने काहीबाही टाइप केलं. पुन्हा तीच तक्रार. तिने जाडजूड पुस्तक काढलं. मी दारात उभी राहून सुपारी कातरत होते आणि मला सकाळची ती पाच बोटं आठवत होती.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती पुटपुटली.

दीर खुर्ची ओढून बसले. "अगं, फुकटात मिळालेलं हाय ते. त्येच्यावर इकतचा गेम कुठं चालतोय व्हय? वैनी, तुमीच सांगा."

आणि मी, क्लासच्या बाई, चाळीस पोरींना खरं बोलायला शिकवणारी, मान डोलावून म्हणाले, "खरंय भाऊजी. फुकट ते फुकटच."

लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही. कपाटातून तिने विंडोजची सीडी काढली. "जाऊ दे. काढूनच टाकते." एवढं हळू बोलली की सुपारी कातरायचा आवाज मोठा वाटला.

तेव्हा माझ्याने राहवेना. "थांब! त्या सीडीला मी हळदीकुंकू लावलंय."

दीर खो खो हसत सुटले. "वैनी, आरतीबी केली का?"

"केली," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

लेक हसली नाही. तिने सीडी काढून उजेडात धरली, माझ्या पाच बोटांची पिवळी सावली बघितली. मग मोरीत गेली, शाम्पूची पुडी फोडली आणि बोटाच्या टोकाने हलकेच धुवू लागली. मी पदर पुढे केला, तर हात मागे घेतला. "ह्याच बाजूने कॉम्प्युटर वाचतो. गोल नाही पुसायचं. मधून बाहेर. आणि पदराने तर मुळीच नाही." जुन्या मलमलच्या तुकड्याने तिने टिपली, पंख्याखाली वाळवली. तोवर मी देवाला नाही, त्या सीडीलाच हात जोडून उभी होते.

पहिल्यांदा तीच घरघर. मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा मात्र घरघर एकसारखी लागली आणि पडद्यावर एक पट्टी इवली इवली पुढे सरकू लागली. अर्ध्यात अडखळली, आम्ही तिघांनी श्वास रोखला, आणि पुन्हा निघाली. मग एकदम हिरवंगार माळरान, मधून नदी, आणि चक्क वाजंत्री! आवाजसुद्धा! मी तिथेच फरशीवर बसले.

लेक खुर्ची मागे सारून उठली आणि म्हणाली, "तुझी चूक माझ्या लिनक्सच्या माथी मारलीस ना? आता त्याची माफी माग, आणि बस इथे. पहिलं गाव तू वसव."