पडद्यावरचा इटलीचा ऋषी

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या गोंदियाच्या मुलखात झाला नाही. ते मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, नाटकांचे पडदे रंगवीत. राजवाडा, जंगल आणि रस्ता एवढंच रंगवत ते सुखाने म्हातारे झाले असते. पण स्वराज्यानंतरच्या एका वर्षी दरेकसा स्टेशनच्या ख्रिस्ती मास्तरांनी बदलीवर जाण्यापूर्वी इटलीतल्या जुन्या चित्रांचं पुस्तक त्यांना महिनाभर पाहायला दिलं आणि साडू कामातून गेले. त्यात फ्रान्सिस्कन पंथाचे संत होते. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, टाळूवर वाटीएवढी चकती तासलेली, गाल गुळगुळीत, डोळे वर लागलेले, आणि देहभान हरपून कोसळताना पाठीला देवदूताचा हात. साडू जेवतानाही तसे होऊन पाहत. हातात घास, मान कलती, तोंड अर्धं उघडं. माझी आकडसासू, म्हणजे त्यांची बायको, ओरडायची, "आधी गिळा जी, मंग जा वरतं!" मला त्यांनी देवदूत करून तासभर मागे उभं केलं. माझी कंबर धरली, त्यांची समाधी काही लागली नाही.

पुस्तक मास्तरांबरोबर गेलं. पुढे मंडईच्या नाटकाला तपोवनाचा पडदा हवा होता, त्यावर साडूंनी आठवणीतून थेट इटलीचा ऋषी रंगवला. देवदूत तेवढा माझ्या विनवणीवरून वगळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चेहरा साधला होता. त्या मिटत चाललेल्या डोळ्यांतला आनंद पाहून, खरं सांगतो, मलाच भरून आलं.

नाटक मंडळाचे पाटील मात्र म्हणाले, "हा ऋषी हाये का नवरदेव? केस मधातच काऊन कापले? याले जटा-दाढी रंगवा, नाही तं पडदा घरी न्या."

साडू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रंगवतो. नाटक झालं का पुसून टाकीन." पडद्याचा रंग सरसात कालवलेला असतो, पाणी लागलं की वरचा-खालचा सगळाच सुटतो. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, पण त्यांनी ते विसरायचं ठरवलं होतं.

नाटक झकास झालं. दुसऱ्या सकाळी साडूंनी ओलं फडकं अगदी अलगद फिरवलं. दाढी उतरली, तिच्याबरोबर ओठ गेले, गाल गेले. जटा पुसताना डोळेही ओघळले.

साडू फडकं पिळत त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले.

"सारखा वरतंच पाहून राहिला होता तो," ते म्हणाले. "आपल्यात कायले राहील?"

मग त्या जागी त्यांनी पळसाचं झाड रंगवलं. झाड छान जमलं होतं, पण मला ते कधी धड पाहवलं नाही.