नाइटच्या आठवड्यातला कुकर

आठ डिसेंबर. डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं किसत बसले होते, तेही किसणीवर, कारण ताईच्या घरी त्या आठवड्यात दुपारी मिक्सर लावायचा नसतो. मिक्सर बिघडला नव्हता. नाइटचा आठवडा चालू होता.

ताई माझी मोठी बहीण, भिलाईच्या रुआबांध्यात राहते. भावजी इथल्याच पोलाद कारखान्यात होते. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. नाइट असली की माणूस सकाळी येऊन दुपारभर झोपतो आणि सारं घर दबक्या पावलांनी वावरतं. बेलची वायर काढून ठेवायची, कुकर संध्याकाळी लावायचा, पोरांनी खेळायला पलीकडच्या गल्लीत जायचं. भिलाईत घरोघरी हेच. आम्हीही असेच वाढलो.

पण भावजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. ताई मनातल्या मनात त्यांच्या शिफ्टचं चक्र अजून पुढे चालवत होती. नाइट आली की बेल बंद, पडदे ओढलेले, झोपायच्या खोलीचं दार लावलेलं. आणि आम्ही तिला साथ देत होतो. शेजारीण हळू बोलायची, मी चपला हातात धरून आत शिरायचे. आपण तिचं दुःख जपतोय असं आम्हाला वाटायचं.

ऑगस्टमध्ये कळलं, भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, दिवस गेलेत. ती नागपूरला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात तिच्या सासरच्यांनाही काही विचारायचं नव्हतं. तिने मात्र मला फोनवर सरळ सांगून टाकलं, "मावशी, मी नाही येत. बच्चा रोएगा तो आई क्या करेगी? त्यालेही चूप बसवन का?"

मी ताईला दुर्गला एका समुपदेशक बाईंकडे न्यायचं ठरवलं. ताई चिडली.

"मी पागल आहो का?"

"गुडघा दुखला तवाही मीच नेलं होतं. तवा नाही विचारलं तुनं."

बाई तिथे मोहन नगरला, माझ्या घराजवळच बसतात. त्यांनी आम्हाला समजावलं ते मला पटलं, कारण त्यात गूढ काही नव्हतं. माणूस गेल्यावर दुःख होतंच, आणि बहुतेकांचं हळूहळू मुरतं. माणूस आठवत राहतो पण दिवस पुढे सरकतात. काहींचं एका जागी अडकतं. वर्ष उलटून जातं तरी ओढ रोजची, आणि जगणं त्याच दिवसापाशी थांबलेलं. हा कमकुवतपणा नाही, वेडही नाही, आणि यावर इलाज आहे. विसरायला कोणी सांगणार नव्हतं. जिथे अडकलं तिथे सोबतीने परत जायचं होतं, थोडं थोडं.

म्हणजे काय, तर भावजी गेले तो दिवस डोळे मिटून सांगायचा, आत्ता घडतोय असा. ते फोनमध्ये भरून घ्यायचं आणि घरी रोज ऐकायचं. शिवाय जे जे टाळलं त्याच्याजवळ जायचं. ताईने कारखान्याच्या गेटसमोर उभं राहून पाहिलं, भावजींचे बूट हातात घेतले. पहिले काही आठवडे ती घरी येऊन आडवीच व्हायची. मला वाटलं, बिघडवून तर नाही ठेवलं? बाई म्हणाल्या, आधी असं होतं, मी लक्ष ठेवून आहे.

तो दिवस सांगताना ताई एकाच ठिकाणी अडायची: भावजी नाइटवरून आले, चहा न घेता झोपले, आणि मग गप्प. दिवाळीनंतर एकदा तिने मला आत बसायला सांगितलं आणि पुढचं बोलली.

"डाळ धुऊन ठेवली होती. शिट्टीनं झोप मोडन म्हणून कुकर नाही लावला. लावला असता तर उठले असते."

इतकी वर्षं तिच्या पोटात हे होतं. भावजी सकाळीच, झोपल्या झोपल्या गेले होते. संध्याकाळी आलेल्या डॉक्टरांनी ते तिच्यासमोर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. ताईपर्यंत ते पोहोचलंच नव्हतं. बाईंनी तिला ते पुन्हा सांगितलं, तिच्याच तोंडून वदवून घेतलं. ताईने मान डोलावली, पण बेलची वायर काही जोडली नाही.

आणि आता भाचीला सातवा संपत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रवास करायचा तर याच आठवड्यात. तिचं अजून नक्की नव्हतं. मी मात्र लाडू करायला घेतले होते.

खोबरं अर्धं झालं आणि ताई उठली. डाळ धुतली. म्हणाली, "आज लावू."

माझं बोट किसणीवर घासलं. मी पटकन कुकर काढला. भावजी गेल्यापासून तो लागलाच नव्हता, त्याची रबरी रिंग पापडासारखी कडक होऊन तडकली होती. मी धावत शेजारी गेले आणि कुकर मागितला.

शेजारीण कुजबुजली, "कावून, आज नाइट आहे ना?"

"म्हणूनच पाहिजे," मी मोठ्याने म्हणाले. तिने कुकर दिला आणि स्वतःही मागे मागे आली.

तेवढ्यात भाचीचा फोन. मी तो चालूच ठेवून ओट्यावर टेकवला. ताई खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसली. दार तिने स्वतः उघडलं होतं. आत पलंग, त्यावर धुतलेली चादर.

पहिली शिट्टी झाली. ताईचा हात खुर्चीवर आवळला. ती पलंगाकडे बघत होती.

"नाही उठले," ती म्हणाली.

दुसरी झाली. आता ती रडत होती, पण आवाज साफ होता.

"तवाही नसते उठले."

शेजारणीने पदर तोंडाला लावला. तिसरी शिट्टी सुरू झाली तेव्हा ताई नाक पुसत म्हणाली, "गॅस बारीक कर, डाळ लागन."

फोनमधून भाची विचारत होती, "मावशी, कुकर? दोपहर में?"

"तुह्या आईनं लावला."

मग ती म्हणाली, "थांब, मी तिकीट पाहून राहिली."

बाईंनी बजावून ठेवलं होतं, एका दिवसात सगळं होत नसतं, अजून काही महिने यावं लागेल. येऊ की. माझ्या घरापासून चालत तर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेचकस घेऊन रुआबांध्याला गेले, बेलची वायर जोडली, दोनदा दाबून पाहिली आणि उरलेलं खोबरं मिक्सरमधून काढलं.